यादीतले शेवटचे काम

सुदुंबऱ्याहून पुण्याला जायचे ठरले, की आदल्या रात्री आमच्या घरी यादी होते. अंतर तसे फार नाही. पण खेड्यातला माणूस पुण्याला निघाला म्हणजे तो एकटा निघत नाही, सगळी आळी त्याच्या पिशवीत बसून निघते. कुणाला तुळशीबागेतून कुकरची रिंग हवी असते, कुणाच्या सुनेला साडीच्या रंगाचा फॉल, कुणाच्या मुलाला अप्पा बळवंत चौकातले एखादे पुस्तक. आमचे मुख्याध्यापक एरवी माझ्या रजेच्या अर्जाकडे असे पाहतात, की जणू मी त्यांच्या शेताचा बांधच कोरतो आहे. पण रजा पुण्यासाठी आहे असे कळले, की त्यांचा चेहरा उजळतो आणि शाळेला हव्या असलेल्या नकाशांची यादी माझ्या हातात पडते.

यादी लिहिण्याचे काम माझ्या मुलीकडे. लेखकाचे अक्षर एकट्या कंपोझिटरला लागते, असे पूर्वी थट्टेने म्हणत. आता ते बिचारे कंपोझिटरही राहिले नाहीत, त्यामुळे माझे अक्षर लागणारा माणूस या जगात उरलेला नाही. परवाच्या यादीत अकरा कामे होती. पहिले, आईच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून कागद आणि थेंब. दुसरे, नारायण पेठेत प्रकाशकांकडे कादंबरीची प्रुफे. मग बँक, मग रिंग, फॉल, नकाशे, दिवाळीच्या पणत्या, रांगोळीचे रंग. आणि अगदी शेवटी, ठळक अक्षरात, अकरावे काम : पर्वती.

वाचकांना वाटेल, नवस असावा. नवस नाही. दर वेळी यादी संपली की आई आतल्या खोलीतून विचारते, "शेवटचं लिहिलंस का गं?" नात म्हणते, "लिहिलं, आजी." मगच आई अंथरुणाला पाठ टेकते.

आई माहेरची पुण्याची. सुदुंबऱ्यात येऊन तिला पन्नास वर्षे होत आली. चुलीवरची बाजरीची भाकरी ती इथे शिकली, भात लावायला इथे शिकली आणि शेजारणीशी भांडायलाही इथेच शिकली, असे ती स्वतःच सांगते. पण तिच्या बोलण्यात अजून पेठ आहे. 'तिकडे' म्हटले की तिचा हात आपोआप पुण्याच्या दिशेने वर होतो. ही खूण तिने नव्या नवरीच्या दिवसांत कधीतरी बांधून घेतली असणार, आणि आता डोळे जवळजवळ गेले तरी हात चुकत नाही.

डोळे काचबिंदूने गेले. मोतीबिंदूचे शस्त्रक्रियेने भागते, तशी या दुखण्याची गोष्ट नाही. ते चोरपावलांनी येते. दुखत नाही, खुपत नाही, दृष्टीच्या कडा मात्र एकेक करून खाऊन टाकते. समोरचे स्वच्छ दिसत असते, म्हणून माणूस गाफील राहतो. आई शेजारून जाणाऱ्याला ओळखेनाशी झाली, तेव्हा लोकांना वाटले म्हातारी गर्विष्ठ झाली. उंबऱ्याला दोनदा अडखळली, तेव्हा आम्हाला वाटले वय झाले. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखू या." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ थेंब चालू आहेत. आता तिला उजेड कळतो, दारात कुणी उभे राहिले तर सावली कळते, आणि अगदी समोर धरलेली वस्तू नळीतून पाहावी तशी दिसते.

थेंब घातल्यावर डोळे काही वेळ मिटून ठेवायचे आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने हलके दाबून धरायचा, असे डॉक्टरांनी शिकवले आहे. ही पाच मिनिटे आमच्या घरात फार महत्त्वाची आहेत. मी पुण्याहून आलो, की त्या रात्रीचे थेंब मीच घालायचे. आणि डोळे मिटून बसलेल्या आईला पर्वतीवरून काय काय दिसले ते सांगायचे, अशी रीत पडली आहे. शेवटी ती एकच प्रश्न विचारते :

"पुणं जागेवर आहे ना?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. डोळे चांगले होते तेव्हा, पुण्याला आजोळी गेलो की पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी आई मला पर्वतीवर न्यायची. मला वाटे, सगळ्यांच्याच आया नेत असतील. वर पोहोचली की ती आधी देवाला हात जोडत नसे. आधी कठड्याशी जाऊन बोटाने मोजायची. "तळ्यातला गणपती, एक. मंडईचं शिखर, दोन. चतुःशृंगीचा डोंगर, तीन. सिंहगड, चार. आणि आपल्या वाड्यामागचा उंबर, पाच. आहे. पुणं जागेवर आहे." मग देव, मग खाली उतरून भेळ. मला चार खुणा दिसत. पाचवी कधीच दिसली नाही. त्या वेळी कौलांच्या लाटांतून झाडांचे कितीतरी शेंडे वर आलेले असत. त्यातला आपला उंबर कुठला, ते मला कळत नसे. पण भेळ लांबणीवर पडू नये म्हणून मी दर वेळी "दिसला" म्हणून टाकीत असे.

पुणे जागेवर आहे की नाही, असा संशय माणसाला का यावा? त्याला कारण आहे, आणि ते पुण्याच्या कोणत्याही वृद्ध माणसाला तारखेनिशी ठाऊक आहे : १२ जुलै १९६१. पानशेतचे धरण अजून पुरते बांधून झालेले नव्हते, तरी त्यात पाणी भरले होते. सकाळी ते फुटले. मग खाली खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि मुठा पेठांत शिरली. लकडी पूल पाण्याखाली गेला. आई तेव्हा सहा वर्षांची होती. नारायण पेठेत, नदीपासून थोडक्या अंतरावर त्यांचे बिऱ्हाड. धरण फुटले अशी आरोळी उठली तेव्हा आजीचा विश्वास बसेना. तिने भाताचे भांडे चुलीवरून उतरवायलाही नकार दिला. आजोबांनी आईला खांद्यावर घेतले, आजीच्या हातात देवांचा डबा दिला, आणि सगळे पर्वतीच्या वाटेला लागले. उंचावर जायचे, एवढेच त्या दिवशी सगळ्या पुण्याला सुचत होते.

तो दिवस त्यांनी पर्वतीवर काढला. आईला त्यातले फार आठवत नाही. आठवते ते एवढेच, की आजोबांच्या खांद्यावरून पाहिले तर जिथे आपले घर असायला हवे तिकडे तांबूस पाण्याची चकाकी होती, आणि आजूबाजूची मोठी माणसे रडत होती. मोठी माणसे रडतात हे तिला तोवर ठाऊक नव्हते. "पुणं गेलं," असे कुणीतरी म्हणाले. ते वाक्य सहा वर्षांच्या मुलीने शब्दशः घेतले, आणि पुढे जन्मभर ती पर्वतीवर जाऊन ते खोटे आहे याची खात्री करून घेत राहिली.

योगायोग असा, की लग्न होऊन ती ज्या गावात आली, त्याच सुदुंबऱ्यात आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. पावसाळ्यात रात्री-अपरात्री त्यांच्या गाड्या होड्या घेऊन निघाल्या, की आई अंथरुणात उठून बसते. "कुठंतरी पाणी चढलं," असे म्हणते आणि हात जोडते. १९६१ साली आपल्याकडे अशी माणसे आली असती तर, असे ती कधी म्हणत नाही. एवढेच म्हणते, "पोरांना कुणी चहा दिला असेल का?"

आता माझी लबाडी सांगतो. दिवाळीच्या दिवसांत घर झाडून लख्ख करतात. मनही थोडे झाडावे.

गेल्या वर्षी श्रावणात मी असाच पुण्याला गेलो. त्या दिवशी यादी चौदा कामांची होती, पाऊस होता, दवाखान्यात नंबर लागायलाच दुपार टळली. पर्वतीच्या पायथ्यावरून रिक्षातून गेलो, वर पाहिले आणि मनात म्हटले, पंचवीस वर्षे कादंबऱ्या लिहितो आहे. डोळ्यांसमोर नसलेली गावेच्या गावे उभी केली, माणसे मारली, जगवली, त्यांची लग्ने लावली. मग मला पाठ असलेले एक दृश्य एका म्हातारीला सांगणे काय कठीण? रात्री थेंब घातले आणि सांगितले. मोठे बहारीचे सांगितले. ढगांतून ऊन कसे पडले, सिंहगड धुतल्यासारखा कसा दिसत होता, त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा कसा चमकत होता. सांगताना माझा मलाच आनंद झाला. आईने सगळे ऐकून घेतले आणि त्या दिवशी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालताना ती म्हणाली, "शेजारचा भाजीचा टेम्पो घेऊन काल पुण्याला गेला होता. सांगत होता, काकू, सिंहगड सोडा, पुढची बस दिसत नव्हती दिवसभर."

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. आई रागावली नाही. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "तुझ्या पुस्तकांत तू काय हवं ते घाल. तिथं तुझं राज्य आहे. पण माझे डोळे म्हणून जातोस, तेव्हा पदरचं घालू नकोस. गेला नाहीस तर गेलो नाही म्हण. मी काय मारणार आहे?" आणि जराशाने म्हणाली, "आपलं गाव कुणाचं, एवढं तरी ध्यानात ठेव."

आमचे गाव संताजी महाराज जगनाड्यांचे. चाकणचे हे तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले असे आपण मानतो, ते. त्यांची समाधी सुदुंबऱ्यात आहे. लहानपणापासून त्या समाधीवर डोके टेकवत आलो, शाळेत दर वर्षी मुलांना त्यांच्यावर निबंध लिहायला सांगत आलो; पण आईच्या त्या बोलण्याने मला प्रथमच जाणवले, की या माणसाचे मोठेपण कशात आहे. त्यांनी ऐकले ते लिहिले. हाताशी लेखणी होती, समोर शाई होती, आणि एवढ्या थोर कवीच्या ओळी हातून जात असताना आपली एखादी ओळ मध्ये सरकवण्याचा मोह कुणाला होणार नाही? मला तर सिंहगडावरच्या मनोऱ्याचाही आवरला नव्हता.

तेव्हापासून मी पर्वती टाळली नाही. आणि एक चमत्कार झाला. हे काम आहे असे म्हणून जाऊ लागलो, आणि पूर्वी कधी आला नव्हता असा आनंद मला त्यात येऊ लागला. सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या हातांनी मी पर्वतीवर गेलो आहे. तेव्हा काहीच दिसले नाही. 'वा, काय सुंदर!' म्हणावे, चार उसासे टाकावेत आणि खाली यावे. पण खांद्याला पिशवी, पिशवीत कुकरची रिंग, खिशात अर्धवट खोडलेली यादी, मनगटावर घड्याळ, आणि मध्ये मिळालेला अर्धा तास, त्यातही कुणालातरी नेमके सांगायचे आहे ही धास्ती. अशा वेळी डोळे जसे उघडतात तसे एरवी उघडत नाहीत. वर्गात मुले पाठ म्हणून दाखवायचा असला की जशी कान टवकारून ऐकतात, तसे ते पाहणे असते.

परवाही असेच झाले. सकाळी मिळेल त्या गाडीने पिंपरी गाठली आणि तिथून मेट्रो धरली. दिवाणी न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतचा जमिनीखालचा रस्ता २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला. ही गाडी मुठेच्या खालून जाते. हे आईला पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. जी नदी एकदा तिच्या घराच्या वरून गेली, तिच्या पोटाखालून आपला मुलगा कोरड्या कपड्यांनी गेला, हे तिला पटायला वेळ लागला. मंडईला उतरलो. तुळशीबाग, अप्पा बळवंत चौक, मग नारायण पेठेत प्रुफे. प्रकाशकांच्या दुकानापासून आईचे माहेर दोन गल्ल्यांवर. तिथे आता माहेरचे कुणी नाही. पुरानंतर आजोबांनी तो वाडा सोडला, पुढे वाड्याचे अनेक मालक झाले. मी तिकडे सहसा जात नाही. परवा मात्र बँक उघडायला वेळ होता म्हणून गेलो. वाड्याच्या जागी आठ मजली इमारत उभी राहात होती. मागच्या बाजूला, जिथे उंबर असायला हवा होता, तिथे मोटारी ठेवण्यासाठी खणलेला मोठा खड्डा होता, आणि खड्ड्यात पाणी साचले होते.

तो खड्डा डोक्यात घेऊन बँक केली, दवाखाना केला. दवाखान्यातून कागद मिळाले. गेल्या वेळेपेक्षा फार काही गेलेले नाही, असे त्यांत होते. काचबिंदूच्या घरात एवढी बातमी म्हणजे पेढ्यांची बातमी. चार वाजता पर्वतीच्या पायथ्याशी आलो. पायऱ्या एकशे तीन. पूर्वी मी त्या मोजत चढत असे. आता त्याच मला मोजतात.

वर पोहोचलो, आणि आईच्या क्रमाने पाहू लागलो. पायथ्याशी सारसबाग. नानासाहेब पेशव्यांनी इथे तळे करवले. त्या तळ्यातल्या बेटावर पुढे गणपती आला. तळे जाऊन बाग झाली, तरी देव मात्र तळ्यातलाच राहिला. बागेत माळी हिरवळीवर पाणी मारीत होता. दिवाळीच्या पहाटे इथे पणत्या घेऊन आलेल्या माणसांची एवढी दाटी होते, की हिरवळ दिसत नाही. एक. मंडईचे शिखर शोधावे लागले. इमारतींच्या गर्दीत ते असे उभे होते, की उंच नातवंडांच्या घोळक्यात आजोबा उभे असावेत. पण सापडले. दोन. वायव्येला चतुःशृंगीची टेकडी, पावसाने हिरवी झालेली, कडेने पिवळी पडू लागलेली. तीन. नैर्ऋत्येला सिंहगड. आश्विनातली हवा, खरोखरच धुतल्यासारखा दिसत होता, आणि मनोराही होता. मी आधी खोटे सांगितले होते ते आज खरे दिसत होते, याची मला लाज वाटली. चार.

मग ज्या गोष्टी खुणांत नाहीत त्या पाहिल्या. डोंगराच्या उतारावर चढत गेलेली जनता वसाहत, पत्र्यांवर ठेवलेले दगड, एका गच्चीवर वाळत घातलेले शाळेचे गणवेश. पायथ्याजवळून जाणारा कालवा. शेजारी कठड्यावर पाठीवर दगडांनी भरलेली पिशवी घेऊन धापा टाकणारा एक तरुण. कुठल्याशा गडावर जायची तयारी करीत होता. मी त्याला विचारले, "पिशवीत काय?" तो म्हणाला, "दगड. तुमच्या?" मी म्हटले, "नकाशे." तो हसला.

इथे उभे राहिले म्हणजे या कठड्याशी आधी कोण कोण उभे राहिले ते आठवतेच. शिक्षकाला इतिहासाची खोड असते, वाचकांनी क्षमा करावी. हे देवालय नानासाहेबांनी १७४९ मध्ये बांधले. पानिपतानंतर खचलेला तो पेशवा २३ जून १७६१ रोजी इथेच, पर्वतीवर वारला. ज्या पुण्याला त्याने पेठा दिल्या, कात्रजहून पाणी आणून दिले, ते पुणे अखेरच्या दिवसांत त्याच्या डोळ्यांसमोर पसरलेले असणार. त्याच्यासारखे तोडमोडून बसलेले मन घेऊन हे दृश्य पाहिले, तर काय दिसत असेल? पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, दिवाळी अशीच तोंडावर आलेली असताना, खडकीच्या मैदानात बापू गोखले इंग्रजांशी झुंजत होते आणि दुसरा बाजीराव इथून ती लढाई पाहात होता. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. त्या पेशव्याला लोक हसतात, आणि ते बरोबरच आहे. लांबून पाहणे त्याचे काम नव्हते. खाली मैदानात जाणे हे त्याचे काम होते.

आणि पानिपताच्या वर्षानंतर नेमकी दोनशे वर्षे होताना, तसाच पावसाळा असताना, इथेच कुठेतरी एका कारकुनाच्या खांद्यावर एक सहा वर्षांची मुलगी बसली होती. इतिहासात तिची नोंद नाही. पण मला विचाराल तर, या कठड्यावरून पुण्याकडे जितके डोळे लागले, त्यांत तिच्याइतके काळजीने क्वचितच कुणी पाहिले असेल.

पाचवी खूण राहिली होती. मी नारायण पेठेच्या रोखाने पाहिले. तिथे पिवळ्या रंगाची एक उंच यारी उभी होती, आकाशात आडवा हात काढून. ती कुठल्या इमारतीवरची, ते काही सांगता येईना. झाडाचा शेंडा कुठेच नव्हता. इतकी वर्षे मी 'दिसला' म्हणत आलो होतो. लहानपणी भेळेसाठी म्हणालो, मोठेपणी आईसाठी. आईने माझी सिंहगडाची लबाडी पकडली, पण ही लबाडी तिच्या स्वाधीनच केलेली होती. ती तिला पकडता येणार नव्हती. आता तर मी तो खड्डा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. सांगावे की न सांगावे? सत्तरीच्या बाईला, जिला आता फक्त उजेड आणि सावली कळते, तिच्या जवळ उरलेल्या पाच वस्तूंतली एक काढून घ्यायची? बरे, न सांगावे, तर मग मी एकशे तीन पायऱ्या चढलो कशासाठी?

खाली दिवे लागू लागले. अर्धा तास संपून पाऊण तास झाला होता. मी पिशवी उचलली.

रात्री घरी आलो. नकाशांची गुंडाळी, पणत्या, रिंग, सगळे मांडून झाले. यादीवर खुणा झाल्या. आई भिंतीला टेकून बसली. मी थेंब घातले. तिने डोळे मिटले आणि बोटांनी नाकाजवळचा कोपरा धरला. मी सांगू लागलो. हिरवळीवरचा माळी, मंडईचे शिखर, वाळणारे गणवेश, दगड वाहणारा मुलगा. सिंहगड सांगताना म्हणालो, "आज खरंच दिसत होता." ती किंचित हसली. मग मी थांबलो. ती वाट पाहात होती.

"आई, उंबर नाही," मी म्हणालो. "मी जाऊन पाहिलं. वाडाही नाही. तिथं इमारत होते आहे. आणि खरं सांगायचं तर, मला तो पर्वतीवरून कधीच दिसला नव्हता."

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती ती वाजायची थांबली. आईच्या मिटल्या पापणीखालून एक थेंब ओघळला. पण तो औषधाचाही असू शकेल, मी पदरचे काही घालीत नाही.

"मला तरी कुठं दिसायचा?" आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहात राहिलो.

"त्या दिवशी मी रडायला लागले, आपलं घर गेलं म्हणून. तर अण्णा म्हणाले, गेलं नाही. तो बघ आपला उंबर दिसतोय, उंबर आहे म्हणजे घर आहे. मला पाणीच दिसत होतं. पण अण्णा म्हणाले दिसतोय, म्हणून मीही म्हणाले दिसतोय. मग रडू थांबलं. पुढं इतक्या वेळा गेले, दर वेळी शोधला. अण्णांना दिसला होता, तर मला का दिसू नये? फार मोठी झाल्यावर कळलं, अण्णांनाही दिसला नव्हता."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"अण्णांचं खोटं होतं," ती म्हणाली. "ते कसं टाकू?"

पाच मिनिटे होऊन गेली होती, तरी तिने डोळे उघडले नाहीत. संताजी महाराजांचे उदाहरण देऊन मला बोलणारी हीच बाई! आता या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, याचा मी त्या रात्री बराच विचार केला. आजोबांचे खोटे एका भ्यालेल्या मुलीसाठी होते. माझे खोटे माझ्या सोयीसाठी होते. एवढाच फरक मला सापडला. तो पुरेसा आहे की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

शेवटी आईने डोळे पुसले आणि विचारले, "बाकी? पुणं जागेवर आहे ना?"

"जागेवर आहे," मी म्हणालो.

आमच्या मुख्याध्यापकांना पृथ्वीचा गोल आणायचा राहिला आहे, आणि शेजारणीला आणलेल्या फॉलचा रंग पसंत पडलेला नाही. म्हणजे दिवाळी झाली की पुन्हा पुण्याला जाणे आले. काल रात्री मुलगी नवी यादी लिहायला बसली. सगळी कामे सांगून झाली तेव्हा आतून आवाज आला :

"शेवटचं लिही गं. पर्वती. चार खुणा."